सांगलीचा लेखक मेळावा आणि टॉवेलाखालचा सौदा

सांगलीला लेखक-प्रकाशक मेळावा भरणार ही बातमी पेपरात वाचली आणि माझ्या मनात पहिला प्रश्न आला, की यात त्यांचा फायदा काय? पुण्या-कोल्हापूरचे प्रकाशक दोन दिवस धंदा सोडून येणार, आमच्यासारख्या नवख्यांना भेटणार, हस्तलिखितं चाळणार, आणि वर दुपारचं जेवण आयोजकांकडून. इतकं चांगलं कुणी उगाच वागत नाही. तरीही मी जायचं ठरवलं, कारण कादंबरी लिहून झाली होती आणि ट्रंकेत पडून तिला वाळवी लागायची वेळ आली होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा म्हसवडला प्राथमिक शाळेत शिकवायचे. लग्न झालेलं नव्हतं. कादंबरीची प्रत एकच, माझ्या हाताने लिहिलेली. गावात झेरॉक्सचं दुकान नुकतंच निघालं होतं, पण तो दुकानदार हातात आलेला प्रत्येक कागद वाचूनच मशिनवर ठेवायचा. कुणाच्या पोराला किती मार्क पडले, कुणाची जमीन कुणाच्या नावावर झाली, हे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं. त्याच्या हातात मी माझी कादंबरी देणं शक्यच नव्हतं.

भीती दोन गोष्टींची होती. एक म्हणजे चोरीची. आमच्या शाळेतल्या एका सरांनी पूर्वी एक कथा कुणाला तरी वाचायला दिली होती आणि ती दिवाळी अंकात दुसऱ्याच नावाने छापून आली होती. तेव्हापासून ते सर कथा लिहायचे सोडून फक्त शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहीत.

दुसरी भीती घरातली होती. माझ्या कादंबरीत बैलांचा एक दलाल आहे. तो आपल्या भाचीचं लग्न जमवतो. नवऱ्या मुलाला मटक्याचा नाद आहे हे त्याला ठाऊक असतं, पण तो बोलत नाही. भाची लेकराला घेऊन माहेरी परत येते. मी नावं बदलली होती, गाव बदललं होतं, घराचा धर्मसुद्धा बदलला होता. पण आमच्या घरी खरोखरच बैलांचा दलाल होता, माझे मामू. आणि लेकराला घेऊन परत आलेली माझी मोठी बहीण रेहाना, म्हणजे आमची आपा, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चालवत बसलेली असायची. मामूंना सगळं आधीपासून ठाऊक होतं, असा माझा पक्का संशय होता. विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

आणि दोन दिवस माझ्याबरोबर सांगलीला येईल असा मोकळा माणूस घरात एकच होता. मामू.

तर निघालो. तुम्ही आज जाणार असाल तर रस्ता सुधारलाय. तेव्हा म्हसवडहून दिघंची, आटपाडी, भिवघाट करत विट्याला उतरायचं, तिथे गाडी बदलायची आणि तासगावमार्गे सांगली. सकाळची पहिली एसटी धरली तरी दुपार व्हायची. जानेवारी संपत आला होता. आटपाडीपर्यंत दोन्ही बाजूंना बोडके माळ आणि मेंढरं, आणि तासगावच्या अलीकडे एकदम द्राक्षांचे हिरवेगार मांडव. जागा मिळाली तर ड्रायव्हरच्या मागची घ्या, मागच्या सीटवर पाठीचे मणके मोकळे होतात.

हस्तलिखित मी कापडी पिशवीत घालून मांडीवर घट्ट धरलं होतं. मामू डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल टाकून खिडकीबाहेर दिसेल त्या बैलाची किंमत करत होते. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण मामूंचं सगळं आयुष्य खरसुंडी, म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात गेलेलं. घराबाहेर पडले की ते बाजारचंच मराठी बोलायचे.

विट्याच्या स्टँडवर आम्ही मिसळ खाल्ली. तेव्हा ती स्वस्त होती आणि तिखट इतकी, की बोलणंच बंद पडायचं. मामूंनी पाणी पिऊन डोळे पुसले आणि पिशवीकडे बोट केलं.

"नसीम, कशावर हाय गं ते?"

"शेतीवर," मी म्हणाले.

"व्हय का. बैल हायती का त्यात?"

"आहेत थोडे."

मामूंनी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. न विचारणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो. त्यांना काहीतरी कळलंय असं मला तासगाव येईपर्यंत वाटत राहिलं.

मुक्काम मिरजेत मामूंच्या एका व्यापारी दोस्ताच्या घरी होता. बायकांच्यात माझी सोय झाली. हस्तलिखित मी उशाखाली घेऊन झोपले आणि घरातल्या सुनेने सकाळी उशी झाडायला घेतली तेव्हा तिच्यावर जवळजवळ खेकसलेच. बिचारीने नंतर मला दोन भाकरी जास्त वाढल्या. त्याचाही मी जरा विचार केला.

मिरजेहून सांगलीला सिटी बसने अर्धा तास. मेळावा एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात होता. दाराशी गुलाबपाणी शिंपडत होते. नाव नोंदवणाऱ्या गृहस्थांनी हसून विचारलं, "कादंबरीचा विषय काय म्हणालात?" मी पुन्हा "शेती" म्हणाले. माझ्या मागे उभ्या असलेल्या शिराळ्याच्या एका कवीने आपली अख्खी कविता तिथेच म्हणून दाखवली. मला त्याची काळजी वाटली.

आत भिंतीच्या कडेने टेबलं मांडली होती, प्रत्येकामागे एकेक प्रकाशक. दारातच पांढऱ्या सफारीतल्या एका माणसाने आम्हाला अडवलं. ते स्वतःला साहित्य सल्लागार म्हणवत होते.

"लेखकाने प्रकाशकाशी बोलूच नये. भाव पडतो," ते म्हणाले. "लेखकाच्या वतीने आम्ही बोलतो. परदेशात सगळे असंच करतात. एजंट म्हणा हवं तर."

मामूंचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हंजी दलालच की तुमी."

"तसं नाही हो..."

"आवं, मी बी त्योच हाय. बैलांचा. तुमी दलाली कुणाकडनं घेता?"

सल्लागार म्हणाले, सुरुवातीला लेखकाकडून थोडं नोंदणी शुल्क. मामू मला बाजूला घेऊन म्हणाले, "सौद्याआधी पैसं मागतोय. ह्यो बाजारातला न्हाई." इतकं म्हणून ते चहाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सल्लागारांनी दिवसभरात तिथे बऱ्याच जणांची नोंदणी केली. त्यातलं कुणाचं पुस्तक आलं असेल तर माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्या तीन टेबलांवर माझी डाळ शिजली नाही. एकाने वजन करावं तसं हस्तलिखित हातात तोललं आणि परत दिलं. एकाने सांगितलं, ठेवून जा, सवडीने बघतो. सवडीने म्हणजे कधी, आणि ठेवून म्हणजे कुठे, हे त्याने सांगितलं नाही, म्हणून मी ठेवलं नाही. तिसऱ्याने विचारलं, "लेखिका तुम्हीच ना?" आणि माझ्या बुरखा नसलेल्या डोक्याकडे पाहिलं.

चौथे होते जमदाडे. पुण्याला प्रकाशन चालवत, पण मूळचे तासगावकडचे. पन्नाशीचे, जाड चष्मा, बोटांना शाई. त्यांनाही प्रत मुक्कामावर न्यायची होती. मी नाही म्हणाले.

"मग मी इथेच वाचतो. तुम्ही समोर बसा पहाऱ्याला," ते म्हणाले. मला वाटलं चेष्टा आहे. पण ते खरोखरच वाचनालयाच्या वाचनकक्षात जाऊन बसले आणि वाचू लागले. मी समोरच्या बाकावर. ते पान उलटायचे तशी मी त्यांच्या बोटांकडे बघायचे. मध्ये एकदा त्यांनी खिशातून पेन काढलं तर मी उभीच राहिले. मामू भडंगाचा पुडा घेऊन दोनदा डोकावून गेले. सांगलीला गेलात तर भडंग घ्याच, पण ताजा, लसूण घातलेला. स्टँडसमोरच्या टोपलीतला नको.

दुपार कलली तेव्हा जमदाडे थांबले. "पोरी, चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले, आणि खरं सांगते, माझे डोळे भरले. संशय वगैरे सगळं मिनिटभर विसरले. मग ते म्हणाले, "पण कादंबरी म्हणून नको."

"मग?"

"आत्मकथन म्हणून द्या. सध्या वाचकाला खरं हवंय. तुम्ही मुसलमान घरातल्या, शिक्षिका, आणि हे घर तुम्ही हिंदूंचं कशाला केलंत? नावं तुमच्या घरातली घाला, गाव म्हसवड करा. दिवाळीआधी काढतो. कादंबरी म्हणून काढायची तर दोन वर्षं थांबावं लागेल, आणि तेव्हाही खात्री देत नाही."

"हे खरं नाही," मी म्हणाले.

जमदाडे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "बरं. उद्यापर्यंत विचार करा."

त्या संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. पलीकडे हळद सुकवायला टाकलेली असावी, वाऱ्याबरोबर तिचा वास येत होता. सांगली सुंदर आहे, हे मला तेव्हा दिसलं नाही. मी फक्त हिशोब घालत होते, की दिवाळीआधी माझं पुस्तक येईल, माझ्या नावाने, आणि म्हसवडच्या बाजारात मामूंना प्रत्येक माणूस विचारेल, की काय दलाल, भाचीला बी तसंच इकलंत व्हय? आणि नाही म्हटलं तर पुस्तक ट्रंकेत. मला पुस्तक हवं होतं. फार हवं होतं. पण हे मी मामूंशी बोलू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखकांच्या हक्कांवर एका वकिलाचं भाषण होतं. मी पिशवी मामूंकडे दिली आणि जाऊन बसले. मामूंना मराठी वाचता येतं, पण सावकाश, पेपरचे मथळे तेवढे. त्यामुळे ती भीती नव्हती. वकील सांगत होते, करार नीट वाचल्याशिवाय सही करू नका. ते मला आधीच माहीत होतं.

भाषण संपवून बाहेर आले तर वाचनालयाच्या मागच्या लिंबाखाली मामू आणि जमदाडे समोरासमोर उकिडवे बसलेले. मामूंचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकलेला. त्याखाली बोटं हलत होती.

तुमच्यातल्या कुणी जनावरांचा बाजार पाहिला नसेल तर सांगते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून विकणारा आणि घेणारा कापडाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. मान हलवायची, नाहीतर हात काढून घ्यायचा. तासगावकडच्या शेतकऱ्याच्या पोराला, पुण्याला कितीही वर्षं राहिला तरी, हे येणारच. मी धावत जवळ गेले तोवर टॉवेल परत मामूंच्या खांद्यावर गेला होता.

"काय ठरलं?" मी विचारलं.

जमदाडे उठले, पँट झटकली. "आता तुझ्या मामूंना विचार. ते सांगतील." त्यांच्या तोंडी मराठी एकदम गावाकडचं आलं होतं. "लय दिसांनी बसलो असा."

मामू काही बोलेनात. "सौदा बाजाराच्या हद्दीत बोलायचा नसतो," एवढंच. मी पिशवी उघडून बघितली. पानं सगळी होती, क्रमाने होती. म्हणजे माल आमच्याकडे आणि सौदा झालेला. मग विकलं काय? मामूंच्या शर्टाचा खिसा मला नेहमीपेक्षा फुगलेला वाटला. त्यांनी आगाऊ इसार घेतला असेल, माझं नाव लावून, मला न विचारता. मला त्यांचा इतका राग आला, की जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही.

परतीचा रस्ता वेगळा होता, कारण मामूंना उंब्रजला एक खिलारी जोडी बघायची होती. सांगली, आष्टा, इस्लामपूर, कराड. आता हायवे चौपदरी झालाय, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत जावं लागायचं. मी खिडकीकडे तोंड करून बसले. मामूंनी दोनदा खारे दाणे पुढे केले. मी घेतले नाहीत.

उंब्रजला बैलांच्या मालकाने गोठ्यात नेऊन पहिल्यांदा हेच सांगितलं, "दलाल, डावा मारका हाय. आदीच सांगतो. मागनं बोलायचं न्हाई." मामूंनी बैलांचे दात बघितले, खुर बघितले, आणि नंतर येतो म्हणून निघाले. स्टँडवर आम्ही चहा घेतला. तिथे ते स्वतःहून बोलले.

"त्यो मालक बोलला ते ऐकलंस? जनावराची खोड आदी सांगितली तर सौदा खरा. न्हाई सांगितली आन् नंतर कळली, तर जनावर परत येतं. दलालाचं तोंड काळं हुतं."

मी चहा बशीत ओतला.

"त्या जमदाड्यानं मला तुझी गोष्ट सांगितली. लय रंगून सांगितली. त्यो दलाल मामा कसा गप बसतो, कसं बैल इकल्यावानी पोरगी देतो. त्याला काय ठावं, त्यो मामा मीच हाय." मामूंनी चहाचा कप खाली ठेवला. "मग म्हणाला, खरी म्हणून छापली तर दिवाळीला येतीय. कादंबरी म्हणून छापली तर बघू. टॉवेलाखाली म्हणाला, दोनातलं एक बोट दाबा. म्यां खरीचं दाबलं."

"का, मामू?"

"त्या पोराचा आकड्याचा नाद मला ठावं हुता. चांगलं घर हाय, सुटंल म्हणलं. रेहानाच्या येळंला खोड सांगितली न्हाई. आता छापून तरी सांगू. बाजार काय म्हणायचा ते म्हणंल."

त्यांच्या खिशात इसार नव्हता. भडंगाचा उरलेला पुडा होता. ज्या माणसापासून मी ही गोष्ट लपवत होते, तोच ती आपल्या नावावर घ्यायला तयार झाला होता. मी एवढंच म्हणाले, की आपाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. मामू म्हणाले, "व्हय. तिलाच इचार."

उंब्रजहून सातारा, तिथून पुसेगाव, दहिवडी करत म्हसवड. साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले. ते आपाच्या लेकासाठी मामूंनीच घेतले.

घरी आल्यावर मी हस्तलिखित आपाच्या हातात दिलं. तिने मशीन बंद केलं आणि वाचायला बसली. दोन दिवस शिलाईला हात लावला नाही. ब्लाउज मागायला आलेल्या बाईला परवा या म्हणाली. वाचून झालं तेव्हा मामू आमच्याकडेच होते, मुद्दाम थांबले होते. आमचं बोलणं दख्खनीतच झालं, इथे मराठीत सांगते.

"छान लिहिलंयस," आपा मला म्हणाली. "पण खरं म्हणून छापू नगंस. खरं न्हाई ते."

"खरंच हाय गं, बेटी," मामू म्हणाले. "मला ठावं हुतं."

"मला बी ठावं हुतं," आपा म्हणाली. "साखरपुड्याच्या दिवशी त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, आकडा लावतो, पण सोडीन. मी म्हणलं, सोडशील. मला त्यो आवडला हुता."

मामूंनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आन् इतकी वर्सं मला बोलली का न्हाईस?"

आपाने सुईत दोरा ओवायला घेतला. तो एका दमात ओवला गेला नाही.

"बाजार झाला की तुमी येता, मामू. पोराची फी भरता, जवारीचं पोतं टाकता. तुमच्यामुळं झालं असं वाटतं म्हणून येता. मी सांगितलं असतं, तर आला असता का?"

मामूंनी टोपी नीट केली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते निघून गेले. दाराशी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

जमदाड्यांना मी पत्र टाकून दोन्ही गोष्टींना नाही म्हणाले. त्यांनी उत्तर दिलं, की सौदा मोडला तरी तुमच्या मामूंचा हात लक्षात राहील. कादंबरी मी पुन्हा लिहिली, आपाला विचारून विचारून, आणि ती बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे कादंबरी म्हणूनच आली. कुणी फारशी वाचली नाही. सांगलीला अशा मेळाव्याला जावं का, असं मला वाचक विचारतात. जरूर जा. करार वाचा, प्रत सोडू नका, आणि तुमची गोष्ट ज्याची आहे त्या माणसाला आधी एकदा विचारा. मी तिकडे जगभराचा संशय घेऊन गेले होते आणि आपाला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मामू तसे निघून गेले, त्यानंतर त्या महिन्याचा बाजार झाला. सकाळपासून आपा आणि मी दोघीही सारख्या दाराकडे बघत होतो, पण एकमेकींना तसं म्हणालो नाही. दुपार झाली, बाजारातली माणसं जनावरं घेऊन घराकडे परतायला लागली. आपा म्हणाली, "जाऊ दे. माझंच चुकलं, बोलाय नगं हुतं." आणि तिने मशीन सुरू केलं.

चारच्या सुमाराला मामू आले. पोतं नव्हतं, खाऊ नव्हता, काहीच नव्हतं. पहिल्यांदाच मोकळ्या हाताने आले आणि नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसले.

"च्या टाक की गं," ते आपाला म्हणाले, "लय चालून आलोय."